चाकाचे चोवीसशे फेरे

९ जानेवारी

आज गाडी दारात आली. चारही चाकांना इंजिनचा जोर मिळणारी, मागून उघडी, आमच्या लग्नापेक्षा वयानं मोठी. इंजिन ठीक. गिअर ठीक. चाकं मात्र पाहवत नाहीत. आधीच्या मालकानं तिला एकतीस इंच उंचीचे, रुंद टायर आणि चकचकीत रिमा चढवल्यात. रिटायर झालेल्या मास्तरांना कुणी नवरदेवाचे बूट घालावेत तसं दिसतं.

गाडी कशाला, असं गल्लीत तिघांनी विचारलं. मी ‘हौस’ म्हणून वेळ मारून नेली. इथे खरं लिहितो. माझे सासरे इंजिनिअरसाहेब मागच्या वर्षी गेले. त्यांच्या पत्र्याच्या पेटीत पाहणीची एक वही निघाली. तरुणपणी ते नव्या रस्त्याच्या पाहणीसाठी पठारावर गेले होते. बायकोला आणि नऊ वर्षांच्या मुलीला सोबत नेलं होतं. ती मुलगी म्हणजे माझी बायको. खडकातल्या एका पाण्याच्या टाक्याजवळ त्यांचा तंबू चाळीस दिवस होता. तिची आई पुढच्याच वर्षी वारली. “आईला मोठ्यानं हसताना मी तिथंच ऐकलं,” असं ती एकदा भाजी निवडताना बोलून गेली.

सव्वीस वर्षांत तिनं माझ्याकडे काही मागितलेलं नाही. हेही मागितलं नाही. पण एक एप्रिलपासून पठाराला कुंपण पडणार, मग आत कुणाला सोडणार नाहीत, ही बातमी मी वाचून दाखवली तेव्हा तिच्या हातातली सुई थांबली. मी पाहिलं. कुंपणाआधी ते टाकं शोधून तिला दाखवायचं, एवढंच काम आहे.

१२ जानेवारी

वही नीट वाचली. साहेबांच्या गाडीचा मीटर बंद होता. म्हणून त्यांनी मागच्या चाकाला चामड्याची पट्टी बांधली. चाकाचा एक फेरा झाला की ती मडगार्डवर फट्कन वाजायची. मुलगी मागे बसून फटके मोजायची. गाडी थांबली की ती आकडा सांगायची आणि साहेब लिहायचे.

पूल ते एकटा खडक, ८६१. खडक ते कोरडा ओढा, १३१७. ओढ्यापासून दोन टेकड्यांमधल्या खिंडीवर नजर ठेवून सरळ, टाक्यापर्यंत, २४००.

म्हणजे रस्ता चाकाच्या फेऱ्यांत लिहिलाय आणि चाक केवढं होतं त्याचा पत्ता नाही! डिग्री घेतलेल्या माणसानं माप लिहावं आणि मापाचं माप लिहू नये. मी वजनकाटे दुरुस्त करतो. कुणाकडे शिकलो नाही. काटे उघडत गेलो, शिकत गेलो. लग्नात साहेबांनी पाहुण्यांना माझी ओळख ‘आमचे काटेवाले जावई’ अशी करून दिली होती. काटेवाला असतो तर पहिल्या पानावर परीघ लिहिला असता.

या आकड्यांचं पुढे काय झालं ते घरात सगळ्यांना माहीत आहे. मागून आलेली मोठी तुकडी या वहीवर विसंबून निघाली, तिला टाकं सापडलं नाही, दोन दिवस घशाला कोरड घेऊन परत फिरली. साहेबांवर ठपका आला. बाहेरचं काम कायमचं सुटलं. दुसऱ्यांचे नकाशे तपासत टेबलावर नोकरी संपली. ‘ज्यांना स्वतःचा तंबू सापडला नाही ते मला रस्ता दाखवणार’ हा माझा विनोद नातेवाइकांत चांगला चालतो. आज पुन्हा केला. बायको हसली नाही.

आणि हा शेवटचा आकडा बघा. पहिले दोन कसे काटेकोर, आणि हा एकदम गोल. इंजिनिअर लोकांना शून्यांची हौस. पोरीनं तेवीसशे सत्त्याण्णव वगैरे सांगितलं असणार, यांनी गोल करून टाकलं. लहान मुलांचं मोजणं पक्कं असतं. मी तिला म्हटलंसुद्धा, “चूक तुझी असूच शकत नाही.”

ती म्हणाली, “दूध उतू जाईल,” आणि आत गेली. गॅसवर दूध नव्हतं.

१९ जानेवारी

टायरवाल्याकडे गेलो. त्याला सगळे रबरशेठ म्हणतात. फोन उचलला की तोही ‘रबरशेठ बोलतोय’ असंच म्हणतो. दुकानात टायरांच्या इतक्या उंच चळती, की मधून चालताना विहिरींच्या गावात आल्यासारखं वाटतं. प्रत्येक विहिरीत अंधार आणि नव्या रबराचा वास.

“काका, हे रुंद काढून सहाशे-सोळाचे काटकुळे टायर घालणार? लोक उलटं करून घेतात.”

“लोक कुठे जायचं ते ठरवून येत नाहीत.”

“पठारावर ना? ओढ्यात वाळू आहे. रुंद टायर तरंगतो, अरुंद रुततो.”

“वाळूत रुततो, कबूल. पण भुसभुशीत मातीखाली कडक जमीन असली तर अरुंद टायर माती कापत खाली पोचतो आणि पकडतो. रुंद वरच्यावर घसरत बसतो.”

“हे कुठे शिकलात?”

“कुठेच नाही.” हे वाक्य म्हणताना मला नेहमी बरं वाटतं.

वहीचं सांगितल्यावर तो म्हणाला, “मग गुणाकार करा की! फेरे गुणिले परीघ. टायर कुठलेही असू देत.” त्याला समजावलं. गुणाकार कागदावर होतो. जमिनीवर चाक दबतं, घसरतं, खड्ड्यात शिरून लांबचा रस्ता घेतं. प्रत्येक टायर आपापल्या पद्धतीनं चालतो. साहेबांचे फेरे साहेबांच्या टायरनंच मोजले पाहिजेत. त्यानं चहा मागवला.

२ फेब्रुवारी

आज दुपारी बायकोला उभ्या गाडीत मागे बसवलं आणि विचारलं, टायर कसे होते ते आठव. ती उलट्या दिशेला तोंड करून बसली. शेजारच्या छपरावरून ऊन तिरपं येत होतं.

मग म्हणाली, “वेणी.”

“कसली?”

“चाकांची. मागे धुळीत वेणी पडायची. दोन्ही बाजूंनी येऊन मध्ये गुंफलेली. गाडी पुढे जायची आणि वेणी लांब लांब होत राहायची. वाटायचं, कुणीतरी माझ्याच केसांची घालतंय आणि ती कधी संपणार नाही.”

मी लिहून घेतलं: नक्षी तिरप्या पट्ट्यांची, मध्यावर मिळणारी. “उंची?”

“माझ्या फ्रॉकच्या पट्ट्यापर्यंत.”

शेजाऱ्यांची मुलगी नऊ वर्षांची आहे. तिला भिंतीशी उभी करून पट्ट्याची उंची मोजली. बहात्तर सेंटिमीटर. सहाशे-सोळाच! माझा अंदाज अर्ध्या बोटानंही चुकला नव्हता. बायकोला सांगायला वळलो तर ती अजून गाडीतच होती, उलटी बसून, मोकळ्या गल्लीकडे बघत. ओठ हलत होते. मी हाक मारली तशी दचकली.

“काय मोजत होतीस?”

“कुठे काय,” म्हणाली.

१४ फेब्रुवारी

रिमा. चकचकीतवाल्या या टायरना चालत नाहीत. रुंदी दुप्पट, व्यास इंचभर कमी. साध्या लोखंडी हव्यात, सोळा इंची, साडेचार रुंद. पाच नटांचं वर्तुळ साडेपाच इंचांचं असायला हवं. पाच भोकं असली की समोरासमोर मोजता येत नाही, कारण समोर भोकच नसतं. इथे भलेभले फसतात. मी पुठ्ठ्याचं वर्तुळ कापून नेलं, पाच खिळे टोचून. भंगारवाल्याकडे अकरा रिमा पाहिल्या. सात बसल्या. त्यांतल्या दोन लंगड्या निघाल्या. फिरवल्यावर कड डुलत होती. पाच घेतल्या, एक स्टेपनीसाठी.

भंगारवाला म्हणाला, “नवरीसुद्धा एवढी पाहत नाहीत.”

बायको शेजारीच होती. “माझ्या वेळी तर दहा मिनिटांत हो म्हणाले,” ती म्हणाली. बऱ्याच दिवसांनी तिनं असं काही ऐकवलं.

२३ फेब्रुवारी

टायर चढले. गाडी एकदम वयाला शोभेशी दिसायला लागली. बारीक चाकांवर उंच उभी, नदी ओलांडायच्या आधी साडी थोडी वर धरलेल्या बाईसारखी.

चाकावर खडूची खूण, जमिनीवर खडूची खूण. अंगणात दहा फेरे ढकलली आणि फीत धरली. एक फेरा दोन मीटर चोवीस. पण साहेबांच्या गाडीत तंबू, पाण्याचे डबे, माणसं. वजनानं टायर दबतो, फेरा आखडतो. माझ्याकडे वीस किलोची प्रमाणित वजनं चौदा आहेत, ती रचली. दोन मीटर एकवीस. मग बायकोला बसायला सांगितलं. दोन मीटर वीस.

“म्हणजे माझं वजन एक सेंटिमीटर,” ती म्हणाली. “लोकांना सांगू नका.”

२ मार्च

गेले काही दिवस मला सगळीकडे फेरे दिसतात. सायकलवाला गेला की मी त्याची चाकं मोजतो. पंखा मोजतो. काल काट्याची तबकडी हातात घेऊन बसलो होतो आणि गिऱ्हाईक दोनदा ओरडलं. मोजता मोजता एक वेळ अशी येते की आकडे आपोआप पुढे चालतात आणि आपण मागे उघड्या फळीवर पाय सोडून बसलेले असतो. कशाचा आवाज, कशाची धूळ, कळत नाही. त्यात सुख आहे. इतकं सुख कामाच्या गोष्टीत असू नये.

मी एका जुन्या यंत्रातून आकडे पाडणारी डबी काढून चाकाला तारेनं जोडली. दर फेऱ्याला आकडा एकानं पुढे. बायकोला दाखवली.

ती म्हणाली, “पट्टीच बांधा ना, बाबांसारखी.”

“मग मोजणार कोण? तू?”

“नको. मी नाही मोजणार.”

“म्हणूनच डबी. ही कंटाळत नाही.”

ती उठून गेली. रात्री जेवली नाही. पोट जड आहे म्हणाली.

११ मार्च

बायको म्हणते, नाही गेलो तरी चालेल. कंबर दुखते, ऊन वाढलंय, उगाच कशाला. मी म्हटलं, टायर आले, रिमा आल्या, आता कंबर? तिनं पुन्हा विषय काढला नाही. बायकांचं मन कळत नाही म्हणतात ते खरं असावं. जिच्यासाठी सगळं चाललंय तिलाच उत्साह नाही.

२२ मार्च

काल जाऊन आलो. सगळं क्रमानं लिहितो.

पहाटे निघालो. पुलाशी कुंपणाचे खांब रचून ठेवलेले होते. डबी शून्यावर आणली. रस्ता सोडला आणि पठारावर चढलो. वर कुठे सावली नाही, झाड नाही. पिवळं वाळलेलं गवत आणि त्यावर इतकं आभाळ, की गाडी पुढे जाते की जमीन मागे सरते ते ठरवता येईना. मी डबीकडे बघत होतो. एकटा खडक आला तेव्हा आकडा होता ८५८. वहीत ८६१. मी गाडी थांबवून उतरलो आणि टायरला हात लावला. आकडा ओरडून सांगताना माझा आवाज चिरकला असावा, कारण बायको हसली.

खडक ते ओढा १३११. वहीत १३१७. अडीच महिन्यांचं काम, एका लहान मुलीच्या पट्ट्यावरून शोधलेलं चाक, आणि फरक सहा फेऱ्यांचा! साहेब असते तर मी त्यांना काही बोललो नसतो. नुसती डबी दाखवली असती.

ओढ्यात रुतलो. रबरशेठ म्हणाला होता तसंच.

“अहो, हवा सोडा थोडी,” बायको म्हणाली. “बाबा सोडायचे.”

मी फावडं खाली टाकलं. “ओढ्यात? आणि पलीकडे जाऊन परत भरायचे?”

“ते नाही आठवत.”

म्हणजे तिसरा टप्पा त्यांनी कमी हवेवर केला की पूर्ण हवेवर, हेच माहीत नाही! हवा सोडली, सोळा पौंडांवर आणली, गाडी निघाली. मग पायपंपानं अठ्ठावीस भरली आणि खिंडीवर नजर ठेवून चोवीसशे फेरे गेलो. काही नाही. सपाट गवत. उतरून चहूकडे दोन-दोनशे पावलं फिरलो. टाकं खडकात खाली आहे, दहा पावलांवरूनही दिसत नाही, असं ती सांगते. परत ओढ्यावर आलो, बावीस पौंड, चोवीसशे. नाही. परत ओढा, सोळा पौंड, चोवीसशे. तीनही वेळा जवळपास एकाच जागी. आमच्याच चाकांच्या वेण्या एकमेकींत गुंतलेल्या.

मी म्हणालो, “टायर पाव इंचानं मोठा असणार. रबरशेठला फोन करतो. आठवड्यात मिळाले तर एकतीस तारखेच्या आत अजून एक फेरी होईल.”

ती गाडीच्या मागच्या फळीवर बसली होती. म्हणाली, “टायर बरोबर आहेत.”

“मग?”

“मला झोप लागली होती.”

मला आधी वाटलं, आत्ताचं सांगतेय.

“तेव्हा,” ती म्हणाली. “नऊशेपर्यंत मोजल्याचं आठवतं. ती पट्टी वाजत होती, वेणी लांब होत होती, ऊन होतं. जागी झाले तर गाडी थांबलेली आणि आई तंबूची काठी उतरवत होती. बाबा वही घेऊन आले. म्हणाले, किती गं? मी म्हटलं, चोवीसशे.”

गवतात वारा होता. मी काहीतरी विचारायचं म्हणून विचारलं, “मग?”

“मग काय. त्यांनी लिहिलं. मग ती माणसं पाण्यावाचून परत आली. मग पत्र आलं. मग बाबा टेबलावर बसले, ते कायमचे.” ती पदराचं टोक दुमडत होती, उघडत होती. “सांगायचं होतं हो. त्यांना सांगायचं होतं. आई गेली, मग सांगवेना. मग मी मोठी झाले, मग तुम्ही आलात.”

तुम्ही आलात. मला तो विनोद आठवला. सव्वीस वर्षांत किती वेळा केला असेन? वर्षातून दोनदा तरी. दर वेळी ताटं वाढायला तीच असायची. साहेबही बसलेले असायचे. खाली बघून जेवायचे. मी समजायचो, टोला बसला.

“रागावले नाहीत ते तुझ्यावर?”

“विचारलंसुद्धा नाही कधी. फक्त नंतर कुठेही निघालो की मला मागे बसू द्यायचे नाहीत. म्हणायचे, तू पुढे ये माझ्याजवळ, मागे झोप लागते. मला वाटायचं, शिक्षा आहे. पट्टी नीट मोजली नाही म्हणून काढून घेतली.”

मी आयुष्यभर काटे तपासलेत. दोष कुठे आहे तिथे माझा हात आपोआप जातो. पण हे मनात नीट बसायला मला वेळ लागला.

“अगं,” मी म्हणालो, “मागे झोप लागते, हे त्यांना कुणी सांगितलं?”

ती माझ्याकडे बघत राहिली.

“तू तर सांगितलं नव्हतंस.”

तिचे हात थांबले. त्यांना त्याच दिवशी कळलं की पत्र आल्यावर, ते आता कुणालाच कळायचं नाही. पण कळलं होतं. पत्राच्या उत्तरात एक ओळ लिहिली असती तर सुटले असते: मोजणारी नऊ वर्षांची होती. मी असतो तर लिहिली असती. पहिलीच ओळ तीच लिहिली असती.

ती रडली, पण ते इथे लिहीत नाही.

नंतर मी डबीची तार सोडली आणि म्हणालो, चल, पुढे बघू. ती गाडीत बसली नाही. खिंडीकडे तोंड करून गवतातून चालायला लागली. मी पहिल्या गिअरमध्ये तिच्या मागे मागे. उन्हात तिची सावली टायरखाली येत होती म्हणून थोडं अंतर ठेवलं. किती वेळ चाललो माहीत नाही. घड्याळ पाहिलं नाही. एका ठिकाणी ती थांबली, खाली बसली, आणि कमरेपर्यंत जमिनीत गेली असं वाटलं. मी धावलो.

टाकं होतं. खडकात, वीतभर पाणी, त्यात आभाळ. ती पायरीवर बसून मनगटापर्यंत हात बुडवून होती. मी वरच थांबलो. मला तिथे काही मोजायचं नव्हतं.

२३ मार्च

सकाळी साहेबांची वही काढली. चोवीसशे खोडून खरा आकडा लिहावा म्हणून पेन्सिलीला टोक केलं. टाक्याजवळच्या आमच्या चाकांच्या खुणांवरून, परतीच्या अंतरावरून, बसलो तर निघेल. चूक आकडा दिसला की मला राहवत नाही.

मग पेन्सिल ठेवून दिली. त्यांनी तो माहीत असून चाळीस वर्षं तसाच ठेवलेला आकडा आहे.